खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: कॅनिस्टर घ्यावा, टांगता फिल्टर घ्यावा की संप बांधावा?

म्हापशेकर

सर्व जाणकारांना नमस्कार.

गेली सहा वर्षे आमच्या घरी गोड्या पाण्याच्या दोन टाक्या आहेत आणि त्या बऱ्या चालल्या आहेत. खाऱ्या पाण्याला मात्र मी अद्याप हात लावलेला नाही. आता ३६ × १८ × १८ इंचांची, ८ मिलिमीटर काचेची टाकी करून घेतली आहे. ती काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर पाणी मावते. प्रवाळ ठेवण्याचा विचार नाही. दोन क्लाउनफिश, एखादा गोबी, चार गोगलगायी आणि पुढे जमल्यास एक कोळंबी, एवढाच संसार मांडायचा आहे.

टाकी, स्टँड आणि दिवा यांचे पैसे देऊन झाले आहेत. बाकी सगळे, म्हणजे फिल्टर, दगड, मीठ आणि पाणी तपासण्याचे संच, २०,००० रुपयांत बसवायचे आहे. एका दुकानदाराने यूव्ही दिव्यासह कॅनिस्टर फिल्टर (नळ्यांनी टाकीला जोडायचा बंद डबा) ९,५०० रुपयांना सांगितला आणि खाऱ्या पाण्याला हाच लागतो असे ठासून सांगितले. दुसऱ्याच्या मते प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, नसेल तर मासे आठ दिवसही टिकणार नाहीत. तिसरा म्हणाला की संप, म्हणजे यंत्रे ठेवायला खाली जोडलेली दुसरी टाकी, नसेल तर ती टाकी म्हणजे नुसता हंडा. तिघांचे ऐकून बाहेर पडलो तेव्हा मी आत जाताना होतो त्यापेक्षा अधिक गोंधळलेलो होतो.

तेव्हा माझा मुख्य प्रश्न असा की या रकमेत गाळणीची कोणती व्यवस्था आधी करावी आणि कोणती नंतर केली तरी चालेल? त्याला जोडून तीन लहान प्रश्न आहेत. शिवोलीला माझा मावसभाऊ आहे, त्याच्या होडीतून समुद्राचे पाणी आणता येईल. ते वापरावे काय? ते नको असेल तर आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ चालेल काय? आणि महागडे सच्छिद्र दगड घेण्याऐवजी आपला चिरा (जांभा दगड) टाकीत घातला तर काय बिघडेल? तोही भोकाभोकांचाच असतो.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, नळाचे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते आणि स्वयंपाकघरातील आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ३५ च्या आसपास असतो. पावसात वीज जाते हे वेगळे सांगायला नको.

भरती-ओहोटी, मडगाव

नमस्कार. तिन्ही दुकानदार खोटे बोललेले नाहीत, पण तिघांनीही आपल्याला पेटी विकायची म्हणून प्रश्न पेटीपासून सुरू केला आहे. गोड्या पाण्यात आपण ज्याला फिल्टर म्हणतो तो तीन कामे करतो. तो गाळ अडवतो, जिवाणूंना बसायला जागा देतो आणि पाणी हलते ठेवतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत यातले दुसरे काम दगड करतात आणि तिसरे वेव्हमेकर, म्हणजे टाकीत पाण्याचा झोत सोडणारा लहान पंप, करतो. पेटीच्या वाट्याला फक्त गाळ अडवणे उरते आणि ते अगदी साध्या टांगत्या फिल्टरलाही जमते. म्हणून २०,००० पैकी ९,५०० एका कॅनिस्टरवर घालणे मला पटत नाही.

दगडांवर इतका भर का, हे थोडे सविस्तर सांगतो. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. एवढे आपल्याला गोड्या पाण्यातून ठाऊक असेलच. फरक पीएचचा आहे. गोड्या पाण्याची टाकी पीएच ७ ला असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला हिस्सा एक टक्क्याहूनही कमी असतो; समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे तोच हिस्सा सात-आठ टक्क्यांवर जातो. त्यामुळे गोड्या पाण्यात खपून जाणारी चूक इथे खपत नाही आणि जिवाणूंना भरपूर जागा मिळणे हा चैनीचा विषय राहत नाही. आपल्या टाकीला १५ ते १८ किलो सच्छिद्र दगड पुरेत. ते एकमेकांवर गच्च न रचता कमानीसारखे मोकळे रचावेत, म्हणजे मागूनही पाणी फिरते आणि गाळ कोपऱ्यात दडून बसत नाही.

मूळ समुद्रातला दगड किंवा किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. खडक बांधणारी प्रवाळे २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या, वाळलेल्या तुकड्यालाही तो कायदा लागू पडतो. कारखान्यात भाजलेले सिरॅमिकचे दगड मिळतात, ते घ्यावेत. हाताला वेळ असेल तर सिमेंट आणि तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या कवचांचा चुरा यांचे दगड घरीही करता येतात. त्यात जाडे मीठ मिसळले की ते पुढे विरघळून भोके पडतात. परंतु असे दगड पाणी बदलत सहा ते आठ आठवडे भिजत ठेवावे लागतात, कारण ताज्या सिमेंटमुळे पीएच भलताच चढतो. मी हे एकदा केले आहे. पैसे वाचले, न्हाणीघरातली बादली दोन महिने अडल्याबद्दल घरात काय ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

चिऱ्याचे म्हणाल तर तो सच्छिद्र असतो हे खरे आहे. गंमत म्हणजे फॉस्फेट शोषण्यासाठी जी तांबूस दाणेदार पूड दुकानात महाग मिळते, तीही लोहाच्या ऑक्साइडचीच असते. पण चिरा पाण्यात झिजतो, लाल माती सोडत राहतो आणि ती माती वेव्हमेकरच्या झोताने टाकीभर फिरते. तो कुंपणालाच शोभतो.

वेव्हमेकरवर पैसे घालावेत. केवळ मासे ठेवायचे असतील तर दर तासाला टाकीच्या दहापट पाणी हलले पाहिजे, म्हणजे आपल्याकडे १,६०० ते २,००० लिटर. एकच मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घेऊन ते समोरासमोरच्या काचांवर थोडे तिरपे लावले तर एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

फिल्टर म्हणून मागे टांगायचा मोठा साधा नमुना घ्यावा आणि त्यात फक्त फिल्टर वूल (गाळ अडवणारा कापसासारखा थर) ठेवावे. वूल दर तीन-चार दिवसांनी काढून टाकावे. ही गोष्ट नवखे लोक विसरतात, म्हणून थोडी लांबवतो. वुलात अडकलेली विष्ठा दिसेनाशी झाली तरी ती पाण्यातच असते. तिथे ती कुजते आणि तिचा नायट्रेट टाकीतच परत येतो. कॅनिस्टरबाबत माझी तक्रार हीच आहे. तो उघडायला त्रासदायक असतो, म्हणून आपण आज-उद्या करत तो दोन-दोन महिने उघडत नाही आणि तोवर तो नायट्रेट तयार करण्याचा कारखाना होऊन बसतो. १९९० च्या दशकात मी वाळूखालचा फिल्टर वापरत असे, त्यावर शिंपल्यांच्या चुऱ्याचा थर होता. आठ महिने पाणी आरशासारखे होते. नवव्या महिन्यात थर उपसला तेव्हा खालून चुलीतल्या राखेसारखा करडा गाळ निघाला आणि वास सडक्या अंड्यांचा होता.

स्किमर सुरुवातीला नसला तरी एवढ्या कमी माशांना चालते, फक्त दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी न चुकता बदलावे लागते.

बंदरवाला, वास्को

भरती-ओहोटी यांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, पण स्किमर आणि संप यांच्याबाबतीत माझे मत वेगळे आहे, म्हणून लिहितो.

जून-जुलैत किनाऱ्यावर वाळूवर पिवळसर फेसाचे गठ्ठे पडलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ हवेच्या बुडबुड्याला चिकटतात आणि लाटांनी घुसळले की फेस होऊन वर येतात. स्किमर हेच काम एका नळकांड्यात करतो. बारीक बुडबुडे वर चढतात, चिकटलेली घाण वरच्या पेल्यात सांडते आणि आपण ती बेसिनमध्ये ओतून टाकतो. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून तिथे हे यंत्र निकामी आहे. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. वूल घाण अडवून पाण्यात ठेवते, स्किमर ती कुजण्याआधीच पाण्याबाहेर काढतो. हा फरक लहान नाही.

दुसरे कारण आपल्या हवेशी जोडलेले आहे. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात त्याच तापमानाला सुमारे ६.७ च मावतो, आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो. एप्रिल-मे महिन्यांत माझ्या टाकीचा पारा ३० च्या वर जातो. अशा वेळी सतत हवा घुसळणारे यंत्र टाकीला जोडलेले असणे मला आवश्यक वाटते.

आता खर्चाचा हिशेब करू. दगड आणि वाळू गेल्यावर आपल्या टाकीत सुमारे १६० लिटर पाणी राहील. आठवड्याला १५ टक्के म्हणजे २४ लिटर बदलायचे झाले तर लिटरला ३८ ग्रॅमप्रमाणे ९०० ग्रॅमहून थोडे अधिक मीठ लागते. महिन्याला जवळपास चार किलो झाले. खाऱ्या पाण्याच्या छंदात खिसा रिकामा करते ते यंत्र नव्हे, मीठ. स्किमरमुळे पाणी बदलणे पंधरवड्यावर नेता आले तर त्याची किंमत काही महिन्यांतच वसूल होते.

संपचेही तसेच आहे. अडगळीत पडलेली दोन फुटी टाकी असेल तर काचेच्या दोन पट्ट्या चिकटवून तिचा संप करता येतो. त्यात पाण्याची भर पडते, स्किमर आणि हीटर नजरेआड जातात आणि बाष्पीभवनाने कमी होणारे पाणी फक्त संपमध्ये कमी झालेले दिसते. मात्र एक हिशेब पक्का करावा. आपल्या टाकीचा पृष्ठभाग पाहता एक सेंटिमीटर पाणी म्हणजे चार लिटरहून थोडे अधिक होते. वीज गेली आणि रिटर्नच्या, म्हणजे संपमधून पाणी वर आणणाऱ्या, नळीचे तोंड पाच सेंटिमीटर बुडालेले असेल तर वीसेक लिटर उलटे खाली येते, आणि २४ × १२ इंचांच्या संपमध्ये त्याने पातळी ११ सेंटिमीटरांनी चढते. म्हणून पहिल्याच दिवशी पंप मुद्दाम बंद करावा, पाणी उतरायचे थांबेपर्यंत पाहावे, आणि चालू असताना पातळी कुठे असली पाहिजे तिथे काचेवर मार्करने रेघ मारावी. त्या रेघेच्या वर कधीही भरू नये. नळीला वरच्या बाजूला एक बारीक भोक पाडतात, हवा आत शिरून उलटा ओघ तुटावा म्हणून. पण त्यात गोगलगाय जाऊन बसते हे मी स्वतःच्या फरशीवर शिकलो आहे, तेव्हा केवळ भोकावर विसंबू नये.

समुद्राच्या पाण्याबाबत सांगायचे तर शिवोली शापोरा नदीच्या मुखाजवळ आहे. पावसाळ्यात आपल्या नद्यांच्या मुखांशी गोडे पाणी आणि गढूळपणा इतका असतो की ३५ क्षारतेचे (हजार भागांत ३५ भाग क्षार असलेले) पाणी तिथे मिळत नाही. मांडवी आणि जुवारीच्या मुखांचा हा ऋतूप्रमाणे बदलणारा खारटपणा दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षे मोजलेला आहे. डिसेंबर ते मे या काळात किनाऱ्यापासून बरेच आत जाऊन आणलेले पाणी काही लोक वापरतात. तेही अंधारात निथळत ठेवून, वूल आणि कार्बनमधून गाळून, क्षारता मोजूनच. पण जूनमध्ये मासेमारीबंदी सुरू झाली, होड्या ओढल्या गेल्या की आपल्या टाकीने काय करायचे? वर्षाचे कित्येक महिने जे मिळणार नाही त्यावर टाकी उभी करू नये.

मासोळी, फोंडा

मी कॅनिस्टर वापरलेली आहे, त्यामुळे माझा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

चार वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या खाऱ्या टाकीला मोठा कॅनिस्टर होता. जुलैतल्या एका रात्री दोनच्या सुमारास वीज गेली ती सकाळी नऊला आली. वीज येताच कॅनिस्टर आपोआप सुरू झाला आणि नळीतून चहाच्या रंगाचे, घाण वासाचे पाणी टाकीत आले. सात तास बंद डब्यात पाणी हलले नव्हते; आतल्या जिवाणूंनी असलेला ऑक्सिजन संपवला, पुष्कळसे मेले, आणि ते सगळे एका झटक्यात माशांच्या अंगावर गेले. दुपारपर्यंत चारपैकी तीन मासे गेले. यात यंत्राचा दोष नव्हता, तीन महिने तो डबा न उघडणारी मीच होते. तरीसुद्धा, जिथे वीज बेभरवशाची आहे तिथे जिवाणू बंद डब्यात ठेवण्यापेक्षा उघड्या टाकीतल्या दगडांवर ठेवणे सुरक्षित आहे, हे मी तेव्हापासून मानते. कुणाकडे कॅनिस्टर असेलच तर लांब वीजखंडानंतर तो आधी बादलीत रिकामा करून धुवावा, मगच जोडावा.

याच कारणाने आपण घरातला इन्व्हर्टर उपयोगात आणावा असे सुचवते. पाच-सहा वॅटचा वेव्हमेकर छताच्या पंख्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वीज घेतो, त्यामुळे बाकीचे सगळे बंद ठेवून तो एकच इन्व्हर्टरवर चालू ठेवला तर रात्र सहज निघते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना, हे मात्र तपासून घ्या. चौकोनी लहरींच्या जुन्या इन्व्हर्टरवर हे पंप गुरगुरतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल त्याने बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घेऊन ठेवावा. आणि मिठाचे पाणी वायरीवरून ओघळत प्लगपर्यंत जाते, म्हणून प्रत्येक वायर आधी प्लगच्या खाली झोका देऊन मग वर न्यावी, आणि त्या सर्किटवर ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. २०,००० रुपयांत हा खर्च आधी धरावा.

मीठ कालवायच्या गोड्या पाण्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते, कारण गाळणी तिथूनच सुरू होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. विहिरीच्या पाण्यात, आपल्या लाल मातीत, लोह उतरलेले असू शकते. आरओचे ३५ टीडीएसचे पाणी सुरुवातीला चालेल, फार तर पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी शेवाळ जास्त धरेल. पुढे आरओच्या पाण्याच्या नळीला डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) एक लहान नळकांडी जोडली की टीडीएस शून्यावर येतो. ते साठवायला अन्नासाठी चालते तसे प्लॅस्टिकचे पिंप घ्यावे. माझ्या सासूबाईंनी कौतुकाने आरओचे पाणी तांब्याच्या कळशीत भरून ठेवले होते आणि मी ते न विचारता टाकीत घातले. मासे वाचले, गोगलगायी एकही वाचली नाही. माणसाला गुणकारी असलेले तांबे गोगलगायींना आणि कोळंबीला अगदी अल्प प्रमाणातही विष ठरते. माशांच्या काही औषधांतही तांबे असते. ती मुख्य टाकीत कधीही घालू नयेत, कारण दगड ते शोषून घेतात.

रोज जे पाणी उडून जाते त्याच्या जागी गोडे पाणीच घालायचे, खारे नव्हे. मीठ उडत नाही. हे सांगण्याची गरज नसावी, पण मी स्वतः पहिला आठवडा खारे पाणी घालत होते.

मिठागरातल्या मिठाने चालणार नाही. आगरात पाणी आटत जाते तेव्हा चुनखडी आणि जिप्सम आधीच्या कोंडीतच खाली बसतात, मग मीठ धरते आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम हे उरलेल्या कडू पाण्यात राहतात. ते पाणी आगरवाले सोडून देतात. म्हणजे हातात येते ते मुख्यतः नुसते सोडियम क्लोराइड. कढीला ते उत्तम आहे, पण पीएच धरून ठेवणारे क्षार आणि कॅल्शियम त्यात पुरेसे नसतात. टाकीला मत्स्यालयासाठी बनवलेले सागरी मीठच लागते.

म्हापशेकर

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती.

कॅनिस्टर मनातून पुसला आहे. संपचा विचार दोन दिवस केला, जुनी दोन फुटी टाकीही माळ्यावर आहे. पण खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांचे छत नुकतेच रंगवलेले आहे आणि माझा स्वतःवर तेवढा भरवसा नाही. काचवाल्याकडे चौकशी केली असता मागची काच साधी आहे, टफन्ड नाही, त्यामुळे संपच्या नळीसाठी तिला छिद्र पाडता येईल असे तो म्हणाला. तरीही पहिल्या वर्षी संप नको असे ठरवत आहे.

तेव्हा मागे टांगायचा फिल्टर, दोन वेव्हमेकर, १६ किलो सिरॅमिकचे दगड, सागरी मीठ, अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांचे संच आणि क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर एवढे धरून हिशेब केला तर साडेचार हजार शिल्लक राहतात. त्यात मागे टांगायचा स्किमर बसेल, पण तो अगदीच लहान आहे. डब्यावर १०० लिटरपर्यंत असे लिहिले आहे. घ्यावा काय?

बंदरवाला, वास्को

घेऊ नये. डब्यावरचे लिटर हे कमी मासे आणि कमी खाद्य धरून लिहिलेले असतात. १६० लिटरला निदान २५० लिटरसाठीचा घ्यावा. लहान स्किमर घेऊन सहा महिन्यांनी मोठा घेणारे पुष्कळ पाहिले आहेत, त्यांनी पैसे दोनदा घातले. साडेचार हजार तसेच बाजूला ठेवा. टाकी तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागणारच आहे, तोवर मासे नसल्याने स्किमरला काम नाही. तेवढ्या अवधीत आणखी थोडे साठवा, किंवा कोणी छंद सोडत असेल तर त्याच्याकडून चांगल्या स्थितीतला जुना घ्या. जुना घेताना पंपाचे चक्र हातात घेऊन पाहा. त्यावरच्या सुया तुटलेल्या असतील तर बुडबुडे मोठे येतात आणि फेस धरत नाही. मिठाच्या पुटाला घाबरू नका, रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवले की ते निघते.

नवा स्किमर लावल्यावर एक-दोन आठवडे तो नीट फेस देत नाही किंवा भलताच उतू जातो. त्याला सारखे पिळत बसू नये. आणि टाकीत हात घालण्यापूर्वी तो स्वच्छ धुवावा. डोक्याला खोबरेल लावून त्याच हाताने दगड सरकवला तर फेस तासनतास बसतो आणि यंत्र बिघडले असे वाटू लागते. माझ्याकडे दर रविवारी नेमके हेच होत असे.

भरती-ओहोटी, मडगाव

हिशेब चांगला बसवला आहे. संपवरून बंदरवाला आणि माझे पूर्वीही जुंपलेले आहे, त्यामुळे आपण दोघांचेही अर्धे-अर्धे ऐकले याचे समाधान आहे. एक लक्षात असू द्या की टांगत्या फिल्टरबरोबर स्पंज आणि सिरॅमिकच्या कड्यांची पाकिटे येतात. कड्या ठेवल्या तरी चालतील, पण पहिल्या दोन महिन्यांनंतर त्या आणि दगड एकाच दिवशी धुऊ नका, आणि धुवायच्या झाल्याच तर बदलून काढलेल्या खाऱ्या पाण्यात धुवा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना माशांइतकेच वाईट.

म्हापशेकर

आज २४ वा दिवस आहे, म्हणून कळवतो. टाकी भरली, क्षारता ३५ वर आहे, तापमान २७ च्या आसपास राहते. अमोनियासाठी म्हापशाच्या बाजारातून एक मोठे सुंगट (कोळंबी) आणून पायमोज्यासारख्या जाळीत बांधून टाकीत सोडले होते. खायचे सुंगट कुजवायला ठेवल्याचे आईला अजून पटलेले नाही. चौथ्या दिवशी वास आला, सातव्या दिवशी अमोनिया ४ पीपीएम (दशलक्ष भागांत ४ भाग) झाला तेव्हा ते काढून टाकले. काल आणि आज अमोनिया शून्य आहे, पण नायट्राइटचा रंग अजून गडद जांभळा येतो. नायट्रेटही चढलेला दिसतो. माशांसाठी किती थांबावे?

मासोळी, फोंडा

समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्याने नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतका बाधत नाही, पण दुसऱ्या टप्प्यातले जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नाहीत एवढे तो नक्की सांगतो. आणखी आठ-दहा दिवस थांबावे. मध्यंतरी दगडावरचे जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून चिमूटभर खाद्य किंवा अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या. तो आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर आले की जिवाणू तयार झाले असे समजा. मग नायट्रेट खाली आणण्यासाठी निम्मे पाणी एकदाच बदला आणि फक्त दोन क्लाउनफिश आणा, तेही शक्यतो टाकीत पैदास झालेले. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र केव्हाच बसवलेले आहे, आणि असे मासे दाणेदार खाद्य पहिल्या दिवसापासून घेतात, त्यामुळे पाणी कमी घाण होते. गोबीला दोन-तीन आठवडे थांबू द्या. मासे आल्यावर पहिले आठ दिवस अमोनिया रोज तपासा आणि वूल तिसऱ्या दिवशी बदला, ते पांढरे दिसत असले तरी.